फसलेली गाडी काढताना

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीनं माझी ओळख ‘प्रगतिशील शेतकरी व समाजसेवक’ अशी करून दिली. ‘प्रगतिशील’चं जाऊ द्या, ते सत्काराच्या प्रत्येक शालीबरोबर फुकट मिळतं. पण समाजसेवक मी नाही. माझी दहा एकर जमीन आहे, एक पिकअप आहे, आणि पावसाळ्यात आमच्या शिवारात कुणाची गाडी फसली की मला फोन येतो. मी जातो आणि ओढून काढतो. डिझेलचे पैसे घेतो. एकदा फुकट केलं की लोक तुम्हाला गावचा बैल समजतात.

संयोजकांनी सांगितलं, ‘जो जे करतो त्यावर वीस मिनिटं बोला.’ सकाळपासून डॉक्टर बोलले, बँकवाले बोलले, आपल्या मास्तरीणबाई झालेल्या मैत्रिणी फार छान बोलल्या. मी म्हटलं, मला फसलेल्या गाडीशिवाय काही येत नाही. ते म्हणाले, त्यावरच बोला, तू स्वतः नववीत दोन वर्षं फसला होतास, अनुभव दांडगा आहे. तर ते खरंच आहे. मला पुढे ढकलणारे सर इथे पहिल्या रांगेत बसलेत.

आपण मार्चमध्ये दहावी दिली आणि त्याच सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, ती आपली १९९३ ची बॅच. त्यानंतर मी शिकलो नाही, शेतीत गेलो. आमचं गाव पाथरी तालुक्यात, गोदाकाठी. तुमच्यातले निम्मे जण तसल्याच गावांतले आहेत, त्यामुळे आमची माती तुम्हाला सांगायला नको. पण जे पुण्याला-मुंबईला गेले आणि आता शहरी चारचाकी घेऊन दिवाळीला गावी येतात, त्यांना सांगायला हवं. कारण मागच्या दहा वर्षांत मी काढलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त त्यांच्याच आहेत. (हसू नका, तिघं जण इथे बसलेत.)

ही आपली काळी माती म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड झिजून झालेली. त्यात चिकणमातीचा अंश फार, आणि ती चिकणमाती पाणी प्याली की फुगते. उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात त्याच मातीला. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या एका साहेबांनी शेतकरी मेळाव्यात हे नीट समजावून सांगितलं होतं. कण इतके बारीक की पाणी त्यांच्या थरांच्या मध्ये जाऊन बसतं, आणि मग माती चाकाला चिकटते पण चाकाला धरत नाही. हे मला फार पटलं. चिकटणं वेगळं आणि धरणं वेगळं. चाकाच्या खाचा मातीनं भरल्या की टायर गोटीसारखा गुळगुळीत होतो. मग तुम्ही ॲक्सिलेटर दाबा, चाक गरगर फिरतं आणि खाली जातं. दोन मिनिटं दाबलं की डिफरन्शियल टेकलं. म्हणजे गाडी चाकांवर नाही, पोटावर बसली. आता तिला खालून चिखल धरून ठेवतो.

शेतकऱ्याला वाफसा कळतो. पाऊस पडल्यावर कुणी लगेच वखर घालत नाही. पाय टाकून बघतो, मूठभर माती दाबून बघतो, वाफसा आला की औत जुंपतो. बैलांच्या बाबतीत एवढी अक्कल असलेला माणूस गाडीत बसला की ती अक्कल घरी ठेवून येतो. बैल अडतो, मान खाली घालतो, त्याला कळतं. गाडी अडत नाही. तिच्यात रेडिओ वाजत असतो, काच बंद असते, आणि सोबत बायकोचा भाऊ बसलेला असतो, त्याच्यासमोर माघार कशी घ्यायची! माझ्या मते निम्म्या गाड्या चिखलानं नाही, मेव्हण्यामुळे फसतात.

माझी पहिली पिकअप मी २००८ ला जुनी घेतली. मानवतच्या मोंढ्यात कापूस न्यायचा, येताना खत-सरकी आणायची, असा धंदा होता. ढालेगाव, मुदगलचे बंधारे झाले तसा आमच्या भागात ऊस वाढला, भाजीपाला वाढला, गाड्यांची ये-जा वाढली. रस्ते मात्र तेच. कल्याण-निर्मल महामार्गापासून गावापर्यंत डांबर, गावापासून पुढे मुरूम, आणि मुरूम संपला की पाणंद. पाणंद म्हणजे दोन बाजूंनी बांध आणि मध्ये पाणी. तिथे गाड्या फसायच्या. माझ्याकडे गाडी होती, ट्रॅक्टरची लोखंडी साखळी होती, आणि वय पस्तिशीच्या आत होतं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणसाला वाटतं आपण काहीही ओढू.

आता मी जे सांगणार आहे ते आजवर जाहीर कधी सांगितलं नाही. ज्याच्याबद्दल आहे तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला आणि वहिनींना विचारूनच सांगतोय. नाव घेणार नाही, तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे.

२०११ चा ऑगस्ट. खताची पोती घेऊन आलेला एक टेम्पो आमच्या वरच्या पाणंदीत फसला. ड्रायव्हर परगावचा, रडकुंडीला आलेला. संध्याकाळची वेळ, पुन्हा आभाळ भरून आलेलं. मी पिकअप घेऊन गेलो. आपला हा दोस्त त्याच्या शेतातून घरी चालला होता, हातात जनावरांसाठी गवताचा भारा. भारा बांधावर ठेवला आणि म्हणाला, ‘थांब, मी बघतो तिकडून.’ मी साखळी माझ्या गाडीच्या मागच्या हुकात घातली, दुसरं टोक टेम्पोच्या पुढे जिथे हात पोचला तिथे अडकवलं. जिथे हात पोचला तिथे! ती जागा कसली, किती मजबूत, बघितलंच नाही. पोती उतरवली नाहीत, कारण पाऊस येईल आणि खत भिजेल. चाकांपुढचा चिखल काढला नाही, कारण अंधार पडेल.

पहिल्यांदा हळू ओढलं. टेम्पो हलला नाही, माझीच मागची चाकं फिरायला लागली. मग मी तेच केलं जे सगळे करतात. पाच-सहा फूट मागे आलो, साखळी ढिली केली आणि जोरात हिसका दिला. टेम्पो थोडा हलला. लोक ओरडले, ‘हलला, हलला!’ दुसरा हिसका. अजून थोडा. मग मी काच खाली करून आपल्या दोस्ताला म्हणालो, ‘तू मध्ये उभा राहून सांग मला, मला मागचं दिसत नाही.’ हे वाक्य माझं आहे. त्याचं नाही. तो मध्ये उभा राहिला तो मी सांगितलं म्हणून.

तिसऱ्या हिसक्याला टेम्पोकडचा हुक उघडला. साखळी आली ती दिसली नाही कुणाला. नुसता आवाज झाला. मला वाटलं माझा पाटा तुटला. आरशात बघितलं तर तो खाली बसलेला, डाव्या पायाची नडगी धरून. त्याच पिकअपच्या हौद्यात, त्याच गवताच्या भाऱ्यावर त्याला झोपवून परभणीला नेलं. दोन ऑपरेशनं, पायात पट्टी, सहा महिने घरी. त्या वर्षीचा त्याचा कापूस मी आणि माझ्या भावानं वेचून घेतला, रब्बीची ज्वारी आम्ही पेरली. त्यानं एका शब्दानं मला कधी बोललं नाही. वहिनी दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते बरोबर होतं. तो आजही जिना चढताना कठडा धरतो. सकाळी ग्रुप फोटोला तो वरच्या पायरीवर गेला नाही, खाली उभा राहिला, ते तुम्ही बघितलं असेल.

त्यानंतर एक वर्ष मी कुणाची गाडी ओढली नाही. फोन आला की ‘गाडी मोंढ्यात आहे’ असं खोटं सांगायचो. मग एकदा तोच आला घरी, काठी टेकत, आणि म्हणाला, ‘नाल्यात भाच्याची गाडी फसलीय. येतोस का? पण या वेळी नीट ओढ.’ म्हणजे नीट ओढणं काय असतं ते शिकणं आलं.

सर, तुम्ही नववीत फळ्यावर लिहिलं होतं, गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा एम व्ही वर्ग. मी तो धडा दोनदा शिकलो, कारण नववी दोनदा केली. तरी त्यातला ‘वर्ग’ मला कळला नव्हता. दोन टनांची गाडी ताशी दहा किलोमीटरनं हिसका देते तेव्हा जेवढी ऊर्जा साखळीत जाते, ताशी वीसनं दिली तर दुप्पट नाही, चौपट जाते. आणि साखळी ताणत नाही. ती सगळी ऊर्जा एका क्षणात सगळ्यात कच्च्या जागेवर जाते. कच्ची जागा म्हणजे कधी हुक, कधी कडी, कधी बंपर. ती जागा सुटली की बाकीचं सगळं बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. ते कोणत्या दिशेनं? दोन्ही गाड्यांच्या मधल्या रेषेत. तिथेच मी त्याला उभं केलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट मी केली ती साखळी भंगारात घातली. नायलॉनचा जाड दोर घेतला, नऊ मीटर. नायलॉन ताणतो, रबरासारखा थोडा, म्हणून तो हिसका नाही देत, ओढ देतो. जुन्या लोकांना हे माहीत होतं. मोटेचा नाडा कधी ताठ बांधत नसत, बैल उताराला लागले की भार हळूहळू येई. पण नायलॉनही तुटला तर परत उसळतो, त्याला निरुपद्रवी समजू नका. म्हणून दोराच्या मध्यावर मी ओली गोधडी टाकतो. दोर तुटलाच तर गोधडीचं वजन त्याला खाली पाडतं. आणि माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, कधीच रेषेत नाहीत, नेहमी बाजूला. मला मागचं दिसत नाही, तर मी आधी खाली उतरून बघतो. कुणाला मध्ये उभं करत नाही. यावर माझी भांडणं झालीत. मामा लोक म्हणतात, ‘आम्ही पन्नास वर्षं बघतोय, काही होत नाही.’ मी म्हणतो, मामा, बांधापलीकडे जा, नाहीतर मी चाललो. जातात.

दोर कुठे बांधायचा, यावर थोडं सांगतो, कारण इथे चुका फार होतात. गाडीच्या पुढे खाली वाकलात की टायरॉड दिसतो, स्टिअरिंगचा दांडा. हाताशी येतो म्हणून लोक त्यालाच दोर बांधतात. तो वाकला की गाडी निघेल, पण घरी जाणार नाही. बंपरला बांधला तर बंपर हातात येतो. कंपनीनं ओढायचा हुक किंवा कडी दिलेली असते, लहान गाड्यांना ती स्क्रू करून बसवायची असते आणि टूलकिटमध्ये स्टेपनीच्या खाली पडलेली असते. आपल्या पुण्याच्या मित्राला सात वर्षांनी कळलं की ती त्याच्याकडे आहे. आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी: साखळी नेहमी खालच्या हुकाला. वर टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलवर बांधली आणि फसलेलं वाहन निघालं नाही, तर ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो मागे चालवणाऱ्यावर येतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे मी बघितलेलं नाही आणि बघायचंही नाही.

पण खरं सांगू का, ओढणं हे शेवटचं दहा टक्के काम आहे. अमेरिकन लष्कराची फसलेली वाहनं काढायची पुस्तिका आहे, त्यात एक ढोबळ हिशेब दिलाय. चाकापर्यंत रुतलेलं वाहन ओढायला साधारण त्याच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतलं तर दुप्पट, त्याहून वर तिप्पट. आता माझी पिकअप रिकामी पावणेदोन टनांच्या आत-बाहेर. ओढायचं काम मागची दोन चाकं करतात आणि रिकाम्या गाडीचं जास्त वजन पुढे, इंजिनवर. म्हणजे माझ्या गाडीचा जोर इंजिनात कितीही असो, मातीवर मागची चाकं जेवढी धरतील तेवढाच. चार टनांचा टेम्पो पोटापर्यंत रुतलाय आणि मी ओल्या काळ्या मातीत उभा राहून त्याला ओढतोय, हे गणित जमतच नाही. हिशेब केला की कळतं, २०११ ला मी हिसके का देत होतो. जोर नव्हता म्हणून हिसका होता.

मग जोर कुठून आणायचा? तर आणायचाच नाही, समोरचा विरोध कमी करायचा. आधी गाडी हलकी करा, पोती उतरवा, माणसं उतरवा. मग फावडं. चारही चाकांपुढे उतार करून चिखल काढा, पोटाखालची माती काढा, हवा आत जाऊ द्या. चिखल पोटाला चोखून धरतो, ती पकड सुटली की अर्धं काम झालं. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि कुणालाच हा वेळ द्यायचा नसतो. मग चाकाखाली काय घालायचं? बारदाना, पळाट्या, तुराट्या. आमच्याकडे सगळ्यात उत्तम म्हणजे तुराट्या, आडव्या टाकल्या की चटईसारख्या बसतात. दगड टाकू नका, ते चाकाखालून उडतात आणि मातीत जातात. टायरची हवा तीस असेल तर अठरा-वीसवर आणा, टायर पसरतो. पण डांबरावर आल्यावर आधी हवा भरा, मग घरी जा.

ओढायचं ते शक्यतो गाडी ज्या वाटेनं आत गेली त्याच वाटेनं मागे. ती वाट दाबली गेलेली असते आणि पलीकडे सुकी जमीन आहे हे नक्की असतं. पुढे काय आहे ते कुणाला माहीत नसतं, फसलेल्याला वाटतं पुढे चांगलं असेल. माझी पिकअप मी चिखलात कधीच नेत नाही. मी मुरमावर उभा राहतो आणि दोर लांब करतो, दुसरा दोर शॅकलनं जोडतो. हौद्यात मागच्या एक्सलच्या वर दहा कट्टे माती भरून ठेवतो पावसाळाभर, पाचशे किलो होतात. बायको म्हणते, लोक गाडीत माल नेतात, तुम्ही माती फिरवता. पण त्या पाचशे किलोंमुळे मागची चाकं बसतात. दोर ताठ झाला की पहिल्या गिअरमध्ये, इंजिन जवळपास घोंगावू न देता, चालत्या माणसाच्या वेगानं. चाक फिरायला लागलं की लगेच पाय उचलायचा आणि पुन्हा फावडं. क्लच प्लेटचा वास आला की समजायचं आपण चूक करतोय.

भरलेला उसाचा ट्रक मी ओढत नाही. गाळपाच्या दिवसांत रात्री बाराला फोन येतो, ‘दादा, या, दोन हजार देतो.’ मी जेसीबीवाल्याचा नंबर देतो. सुरुवातीला लाज वाटायची. आता नाही वाटत.

आणि एक गाडी अशी होती की मी ती काढलीच नाही. २०१९ ची गोष्ट. सप्टेंबरच्या एका रात्री अडीचला फोन. पलीकडच्या वस्तीवरून एका बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप नाल्याच्या अलीकडे फसली. १०८ ची गाडी मुरमाच्या रस्त्यापर्यंत आली होती, पुढे येऊ शकत नव्हती. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हरनं चाकं फिरवून फिरवून गाडी एक्सलपर्यंत घातलेली. आत ती पोरगी कळा देतेय, तिची सासू आणि आई दोघी दोन बाजूंनी. दहा माणसं जमलेली आणि सगळी मला म्हणताहेत, ‘लवकर दोर लावा.’ मी टॉर्च मारून बघितलं. मनातल्या मनात हिशेब केला, फावड्याचाच पाऊण तास. तेवढ्यात आपला दोस्त, हो हाच, माझ्याबरोबर आला होता, तो म्हणाला, ‘अरे, गाडी कशाला काढतो? पोरीला काढ.’

मला सुचलंच नव्हतं. दोर हातात असला की माणसाला सगळीकडे हुकच दिसतात. वस्तीवरून बाज आणली, चौघांनी खांद्यावर घेतली, दोनशे-अडीचशे पावलं चिखलातून, मागे मी टॉर्च घेऊन. मुरमावर ॲम्ब्युलन्स होती. पहाटे मुलगी झाली. ती आता पहिलीत आहे, मला मामा म्हणते. जीप तिथेच तीन दिवस राहिली, वाफसा आल्यावर जवळजवळ स्वतःच्याच जोरावर निघाली.

पाण्याबद्दलही बोलतो, कारण मागची दोन वर्षं आपण पाणीच बघतोय. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोलीत काय पाऊस झाला ते तुम्हाला आठवतंय. २०२५ च्या सप्टेंबरात तर जायकवाडीतून पाणी सुटलं, गोदावरी फुगली आणि आमचे नाले उलटे भरायला लागले. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असताना लोक गाडी घालतात. वाहतं पाणी एक फूट असलं तरी लहान गाडी ढकलली जाऊ शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगून वाहून जातात. चिखलात फसलेली गाडी उद्या काढता येते. वाहत्या पाण्यात अडकलेल्या गाडीला मी दोर बांधत नाही, कारण ती निघाली नाही तर मला घेऊन जाईल. तिथे आधी माणसं, लांब दोरानं, काठावरून, आणि तेही जमण्यासारखं असेल तर. नाहीतर तहसीलला फोन आणि बोटीची वाट. यंदा एका ठिकाणी मी दोन तास काठावर नुसता उभा होतो आणि लोक मला शिव्या देत होते, ‘गाडी घेऊन आलाय आणि उभाय.’ बोट आली, चौघं सुखरूप निघाले. शिव्या देणाऱ्यांपैकी एकानं नंतर चहा पाजला.

आता एक मागणी. आपल्या बॅचमध्ये दोन वकील आहेत, एक ग्रामसेवक आहे, एक जण तहसीलला आहे. मी म्हातारपणापर्यंत गाड्या ओढू शकत नाही. गाड्या फसतात कारण पाणंदी नाहीत, आणि पाणंदी नाहीत कारण दोन भावांनी दोन बाजूंनी बांध कोरून आठ हातांची वाट चार हातांवर आणली. कायदा आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. २०२१ ला मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना आली, रोजगार हमीतून काम होतं. पण अर्ज कुणी करायचा, शेजाऱ्याशी वाईटपणा कुणी घ्यायचा, यावर सगळं अडतं. आमच्या वरच्या पाणंदीचं, जिथे २०११ ला ते झालं तिथलं, काम गेल्या उन्हाळ्यात झालं. दीड किलोमीटर. त्यासाठी सात बांधवाल्यांच्या दारात कोण गेलं? मी नाही गेलो, माझं तोंड तिखट आहे. आपला दोस्त गेला. लंगडत गेला, प्रत्येकाच्या ओट्यावर बसला, चहा प्याला, आणि पायाचं काहीही न बोलता सह्या घेऊन आला. वकील मित्रांनो, अजून पाच पाणंदी बाकी आहेत, जेवताना माझ्या पंगतीला बसा.

माझा वेळ संपला असं संयोजक खुणेनं सांगताहेत. जेवण झाल्यावर शाळेच्या मागच्या मैदानात, जिथे आपली खो-खोची पाटी होती तिथे, मी पिकअप लावलीय. काल टँकरचं पाणी सोडून एक खड्डा मुद्दाम चिखलाचा केलाय, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. आपल्या पुण्याच्या मित्रानं त्याची नवी गाडी त्यात घालायला होकार दिलाय, फक्त मेव्हणा सोबत नको म्हणाला. ज्यांना फावडं मारायचंय त्यांनी जुने कपडे घाला. फोटोवाल्यांनी वीस पावलं लांब, बाजूला, खुणेच्या चुन्याच्या रेषेपलीकडे उभं राहायचं. खुणा तोच करणार आहे, रेषेबाहेर खुर्ची टाकून. दोर मी आणलाय. गोधडी वहिनींनी घरून आणलीय, जुनी आहे, ती परत धुवून द्यायची आहे.